कालवाच्या अळ्यांना काय, किती आणि केव्हा खाऊ घालावं: शैवालाच्या खोलीपासून बीज बसेपर्यंत

हॅचरीत, म्हणजे कालवाचं बीज (पिल्लं) तयार करायच्या केंद्रात, अळ्या मरायला लागल्या की पहिला संशय पाण्यावर जातो, मग क्षारतेवर, मग पालक कालवांवर. अळ्यांचं खाद्य असलेल्या शैवालाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, कारण ‘खायला तर भरपूर दिलं होतं’. पण भरपूर म्हणजे किती पेशी, कोणत्या जातीच्या, आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर काढलेल्या, असं विचारलं की उत्तर अडतं. अळ्यांच्या टाकीतली बरीचशी दुखणी शैवालाच्या खोलीत सुरू होतात, असं माझं मत आहे आणि हा सगळा लेख त्याच मताला धरून आहे.

इथले आकडे आपल्या खाड्यांमधल्या खाण्याच्या कालवाचे आहेत. त्याचं आजचं शास्त्रीय नाव मॅगॅलाना बायलिनिएटा, जुन्या पुस्तकांत ते क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणून सापडेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या तुतिकोरीनला १९८१ साली मोत्याच्या कालवाचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं आणि पुढे तिथेच खाण्याच्या कालवाचीही पद्धत बसवली. आपल्याकडे आजही जे आकडे वापरात आहेत त्यांचा पाया बहुतेक तिथलाच. शिनाणे किंवा तिसऱ्या अशा इतर शिंपल्यांसाठी तत्त्वं हीच राहतील, फक्त दिवस आणि मापं थोडी पुढेमागे होतील. सिंधुदुर्गात बचतगटांच्या बायकांनी कालवं आणि शिनाण्यांची शेती करून दाखवली आहे. पण बीज खाडी देईल तेव्हा आणि देईल तेवढंच मिळणार असेल, तर अशा शेतीला वाढीची मर्यादा राहते. म्हणून हॅचरीतल्या बीजाचा विचार करणाऱ्यांनी खाद्याचं गणित आधी शिकावं.

अळी खाते कशी

अंडं फळल्यापासून साधारण २० तासांत इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या दिसणाऱ्या, ६० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या अळ्या तयार होतात. आईने अंड्यात भरून दिलेल्या चरबीवर त्या तोवर जगलेल्या असतात. आता तोंड उघडतं. व्हेलम नावाचा केसाळ पडदा बाहेर येतो, त्याच्या हालचालीवर अळी पोहते आणि त्यानेच पाण्यातले कण तोंडाकडे ओढते. तोंड इतकं बारीक असतं की सुरुवातीला ५-६ मायक्रॉनपर्यंतच्या पेशीच सहज जातात. १० मायक्रॉनच्या पुढची पेशी कितीही पौष्टिक असली तरी त्या वयात ती नुसती पाण्यात फिरत राहते आणि शेवटी तळाशी कुजते.

पहिल्या दोन दिवसांत खाद्य चुकलं तरी अळ्या लगेच मरत नाहीत. अंड्यातली चरबी अजून थोडी शिल्लक असते, अळी पोहत राहते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरा परिणाम आठवडाभराने दिसतो. कवचाचा बिजागरीजवळचा भाग फुगून वर यायला हवा, त्याला अंबो अवस्था म्हणतात. तिथे निम्म्या अळ्या मागे राहतात आणि टाकीत तीन वेगवेगळ्या मापांची गर्दी होते. त्या वेळी खाद्य वाढवून फारसा उपयोग होत नाही.

अळीला प्रथिनं लागतात, पण नेहमीच्या वापरातल्या बहुतेक शैवालांमध्ये ती पुरेशी असतात आणि त्यांतल्या अमिनो आम्लांची ठेवणही बरीचशी सारखी असते. फरक पडतो तो चरबीत. डीएचए आणि ईपीए ही दोन लांब साखळीची मेदाम्लं पेशींची आवरणं बांधायला आणि साठ्याला लागतात. साध्या मेदाम्लांपासून ती घडवण्याची ताकद शिंपल्यांमध्ये फारच थोडी असते, म्हणून ती आयतीच खाद्यातून यावी लागतात. स्टेरॉल या चरबीच्याच जातकुळीतल्या घटकांचंही तसंच.

आणखी एक गोष्ट बीजोत्पादनाच्या दृष्टीने मोठी आहे. बसण्याच्या, म्हणजे पोहणं सोडून कठीण जागेला कायमचं चिकटण्याच्या वेळी अळीचा व्हेलम गळून जातो आणि कल्ले अजून पूर्ण तयार नसतात. त्या मधल्या काळात ती खाऊ शकत नाही. तेवढे दिवस ती साठवलेल्या चरबीवर काढते. बसायला तयार होताना अळीवर डोळ्याचा काळा ठिपका येतो; तो आला तेव्हा तिच्या पोटात किती चरबी होती, यावर किती बीज जिवंत बसेल हे बरंचसं ठरून गेलेलं असतं.

जात निवडताना

आयसोक्रायसिस हे जगभरच्या हॅचऱ्यांचं मुख्य खाद्य. सोनेरी तपकिरी, ४ ते ६ मायक्रॉनचं, कडक भिंत नसलेलं, त्यामुळे पोटात लगेच फुटतं. डीएचए चांगलं, ईपीए मात्र नाममात्र. मेरी पार्क या संशोधिकेने आयल ऑफ मॅन बेटावरच्या पोर्ट एरिन इथून ते वेगळं केलं, आणि १९४९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. ही मूळ जात थंड पाण्याची, म्हणजे आपल्या उकाड्यात रडणारी. आपल्याला हवा तो ताहितीचा वाण, हॅचरीवाले त्याला ‘टी-आयसो’ म्हणतात. २०१३ पासून त्याला टिसोक्रायसिस ल्युटिया असं स्वतंत्र नाव मिळालं आहे. तो २८-३० अंशांपर्यंत तग धरतो. संस्थेकडून बीजसंवर्धन (शैवालाचं विरजण) मागवताना नुसतं ‘आयसोक्रायसिस’ लिहू नका, वाण कोणता ते विचारा.

कीटोसेरॉस हा डायटम, म्हणजे वाळूतल्या सिलिकाचं कवच असलेलं शैवाल. यात ईपीए भरपूर, म्हणजे आयसोक्रायसिसची उणीव हा भरून काढतो. कॅल्सिट्रान्स ही जात लहान, पहिल्या दिवसापासून चालते. म्युलेरी थोडी मोठी, पण उष्णतेला जास्त चिवट. कोकणात एप्रिल-मेमध्ये काम करायचं असेल तर मी म्युलेरीच्या बाजूने आहे.

पाव्हलोव्हा ल्युथेरी कागदावर सगळ्यांत सरस: डीएचए आहे, ईपीए आहे, स्टेरॉल आहेत. पण २४-२५ अंशांच्या वर तिची वाढ ढासळते. चोवीस तास एसी आणि त्याला पुरणारी वीज असेल तरच तिच्या नादी लागावं.

टेट्रासेल्मिस हिरवं, दणकट, सहज वाढणारं. पेशी ८ ते १६ मायक्रॉनची, ईपीए थोडंफार, डीएचए जवळपास नाही. अळी १२० मायक्रॉनच्या पुढे गेली की जोडखाद्य म्हणून द्यावं, एकटं कधीच नाही. बसलेल्या बीजासाठी मात्र ते फार उपयोगी.

आता काही फसवी नावं. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए भरपूर असतं आणि ते कोळंबीच्या व माशांच्या हॅचऱ्यांत सर्रास मिळतं, म्हणून कालवाच्या अळ्यांनाही घालायचा मोह होतो. पण त्याची भिंत इतकी चिवट की अळीच्या पोटातून पेशी बहुतांशी अख्ख्याच बाहेर पडतात. पोट हिरवं दिसतं, अळी उपाशी असते. क्लोरेलाची तक्रार तीच. ड्युनालिएलाचं उलट: भिंतच नाही, पटकन पचतं, पण डीएचए-ईपीए दोन्ही नाहीत. नुसत्या पेजेवर मूल काही दिवस शांत राहतं, वाढत नाही, तसा हा प्रकार. अमेरिकेतल्या मिलफर्डच्या प्रयोगशाळेत डेव्हिस आणि गिलार्ड यांनी १९५८ साली दहा प्रजातींची तुलना केली, तेव्हाही बिनभिंतीची आयसोक्रायसिस आणि पाव्हलोव्हा (तेव्हाचं नाव मोनोक्रायसिस) वरचढ ठरली होती. म्हणून शैवालाच्या पोषणाचा तक्ता वाचताना शेजारी दोन रकाने स्वतः आखावेत: पेशी तोंडात मावते का, आणि पोटात फुटते का.

यीस्ट, स्पिरुलिनाची पूड, दुधाची पूड असले उपाय अळ्यांना करू नयेत. मेलेले कण खाली बसतात आणि जिवाणूंना मेजवानी होते. बाजारात मिळणारा घट्ट केलेला शैवाललगदा अडीनडीला थोडा चालतो, तोही जिवंत शैवालाच्या जोडीला.

सुरुवात करणाऱ्याने टी-आयसो आणि कीटोसेरॉस या दोनच जाती धराव्यात. दोन सांभाळणं जमत नसेल तर एकटं टी-आयसो. तुतिकोरीनला एकट्या आयसोक्रायसिसवरही बीज मिळवलेलं आहे. मिश्रणाने वाढ आणि बसण्याचं प्रमाण सुधारतं, पण दोन आजारी जातींपेक्षा एक निरोगी जात केव्हाही बरी.

शैवाल वाढवणं

पाणी आधी. २८ ते ३२ क्षारतेचं (दर हजारी भाग) समुद्राचं पाणी १ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फ्लास्कसाठीचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १५ पौंड दाबाला २० मिनिटं ठेवा. मोठ्या भांड्यांसाठी ऑटोक्लेव्ह परवडत नाही, तिथे क्लोरीन: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला अर्धा मिली, म्हणजे सुमारे २५ मिलिग्रॅम क्लोरीन. रात्रभर हवा बंद ठेवून झाकून ठेवा. सकाळी हवा सुरू करा, सोडियम थायोसल्फेटने उरलेला क्लोरीन मारा, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या किटने तो खरंच गेला आहे का ते तपासा. वासावर विसंबू नका. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं आणि गढूळ होतं, तेव्हा एक तर उघड्या समुद्राचं पाणी आणायची सोय हवी, नाही तर जून ते सप्टेंबर फक्त मूळ संवर्धनं जिवंत ठेवण्यापुरतं काम करावं.

पोषकद्रव्यांसाठी दोन माध्यमं प्रचलित आहेत. आपल्याकडच्या संस्थांत कॉनवे माध्यम जास्त चालतं. वेल्समधल्या कॉनवी इथे वॉल्न यांनी ते वापरात आणलं. दुसरं गिलार्ड यांचं एफ/२. त्यात लिटरमागे सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, शिवाय लोह, मँगनीज, जस्त, तांबं, कोबाल्ट, मॉलिब्डेनम यांचा सूक्ष्म डोस, आणि जीवनसत्त्वांपैकी थायमिन १०० मायक्रोग्रॅम, बी-१२ व बायोटिन प्रत्येकी अर्धा मायक्रोग्रॅम. कीटोसेरॉससाठी यात सोडियम मेटासिलिकेट ३० मिलिग्रॅम घालावंच लागतं. ते राहिलं तर पहिले दोन दिवस आधीच्या भांड्यातून आलेल्या सिलिकेटवर वाढ होते आणि मग अचानक थांबते. कारण शोधण्यात आठवडा जातो. जीवनसत्त्वं उष्णतेने नासतात, म्हणून निर्जंतुक करून झाल्यावर पाणी गार झालं की घाला. शेतातलं युरिया-सुपरफॉस्फेट बाहेरच्या कोळंबीच्या टाक्यांना ठीक, अळ्यांच्या खाद्याला नको, कारण त्यात आपल्याला हवं तेच शैवाल वाढेल याची खात्री नसते.

आता पायऱ्या. परीक्षानळीतून २५० मिलीचा फ्लास्क, तिथून ३-४ लिटरचा हाफकिन फ्लास्क, तिथून २० लिटरची कार्बॉय, म्हणजे मोठी बाटली. मोठी हॅचरी असेल तर पुढे १०० लिटरची पारदर्शक टाकी. दर पायरीला आधीच्या वाढलेल्या संवर्धनाचा १० ते २० टक्के भाग नव्या पाण्यात घालायचा. त्याहून कमी घातला तर शैवाल रुळेपर्यंत जिवाणू पुढे निघून जातात. मूळ नळ्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. एका खोलीत काही बिघडलं तर सगळं नव्याने मागवावं लागत नाही. हवा देताना नळीत कापसाचा किंवा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावा.

खोली २३ ते २५ अंशांवर ठेवणं सगळ्यांत चांगलं. टी-आयसो आणि म्युलेरी २८-३० पर्यंत निभावतात. उजेडाला पांढऱ्या ट्यूब किंवा एलईडी पुरतात, मूळ नळ्यांना मंद आणि कार्बॉयला भरपूर. खिडकीतलं थेट ऊन नको, त्यात दुपारी भांडं तापतं. संवर्धन दाट झालं की कर्बवायू कमी पडतो आणि सामू (पीएच) ९ च्या वर चढतो. सिलिंडरमधून थोडा कर्बवायू हवेत मिसळून सामू ७.५ ते ८.२ दरम्यान ठेवता आला तर घनता खूप वाढते, पण लहान हॅचरीला हे नसलं तरी चालतं. इन्व्हर्टर मात्र चैन नव्हे. पावसात लाइट गेली आणि हवा बंद पडली की पेशी तळाशी बसतात. डायटम तर काही तासांत खराब होऊ लागतो.

काढणी केव्हा करायची, हा या लेखातला सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा आहे. संवर्धन आधी रेंगाळतं, मग झपाट्याने दुप्पट होत जातं, मग वेग मंदावतो, थांबतं आणि कोसळतं. खाद्य काढायचं ते झपाट्याच्या टप्प्याच्या अखेरीस, बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान. थांबलेल्या संवर्धनात पेशींची संख्या सगळ्यांत जास्त असते, रंग गडद आणि देखणा दिसतो, म्हणून लोक तिथवर वाट पाहतात. पण नायट्रोजन संपल्यावर पेशींतलं प्रथिन घटतं, चरबीची ठेवण बदलते, आणि जिवाणू मात्र वाढलेले असतात. तीच जात, तेवढ्याच पेशी, पण खाद्य वेगळं झालेलं असतं.

रोज सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली संवर्धनाचा एक थेंब पाहा. आयसोक्रायसिसच्या पेशी पोहताना दिसल्या पाहिजेत. केसाळ प्राणिजीव इकडून तिकडे धावताना दिसले तर ते भांडं ओतून टाका, गाळून वाचवायचा प्रयत्न करू नका. तळाशी गाळ, कडेला फेस, कुबट वास, रंग सोनेरीवरून मातकट: यातलं काहीही दिसलं तरी ते अळ्यांना देऊ नये. कार्बॉयमधलं पाणी आठवड्यातून एकदा टीसीबीएस (व्हिब्रिओ ओळखण्यासाठीचं जिवाणूंचं खाद्य) माध्यमाच्या बशीवर पसरवून पाहावं. तिथे पिवळ्या-हिरव्या वसाहती उगवल्या तर व्हिब्रिओ हे अळ्या मारणारे जिवाणू शैवालातूनच टाकीत जात आहेत.

मोजणी आणि हिशेब

मोजायला हिमोसायटोमीटर लागतो, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजतात तीच काचपट्टी. नमुन्यात ल्युगॉल आयोडीनचा थेंब टाका म्हणजे पोहणाऱ्या पेशी थांबतात. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजा, सरासरी काढा, १०,००० ने गुणा. आलेला आकडा म्हणजे एका मिलीतल्या पेशी. २० लिटरच्या कार्बॉयमध्ये टी-आयसो साधारण १० ते २० लाखांवर गेलं की काम चालू करता येतं, सोयी चांगल्या असल्या तर त्याच्या कितीतरी पट मिळतं.

एका अळीला दिवसाला लागणारं आयसोक्रायसिस, ढोबळ मानाने असं:

डी-अवस्था: ३,००० ते ४,००० पेशी
अंबो (१०० मायक्रॉनच्या आसपास): ४,००० ते ५,०००
उशिराची अंबो (१५० मायक्रॉन): ५,००० ते ८,०००
पुढची अंबो (२६० मायक्रॉन): ८,००० ते १०,०००
डोळ्याची आणि पायाची अवस्था: १०,००० ते १२,०००

उदाहरण घेऊ. १,००० लिटरची टाकी, मिलीला ५ अळ्या, म्हणजे ५० लाख अळ्या. प्रत्येकीला ४,००० पेशी म्हणजे २,००० कोटी पेशी. कार्बॉयमध्ये मिलीला २० लाख असतील तर १० लिटर शैवाल लागेल. टाकीत मिलीला २०,००० पेशी पडतील, हे डी-अळ्यांना ठीक आहे. दोन आठवड्यांनी अळ्या विरळ करून मिलीला २ वर आणल्या आणि प्रत्येकीची भूक १०,००० झाली, तरी बेरीज पुन्हा २,००० कोटीच येते. म्हणजे एका टाकीमागे रोज १० लिटरच्या आसपास चांगलं शैवाल शेवटपर्यंत लागत राहतं, आणि विरळ केलेल्या अळ्यांसाठी दुसरी टाकी भरली की दुप्पट. हॅचरीचा आकार ठरवताना टाक्या मोजू नका, रोज किती लिटर शैवाल निघेल ते मोजा.

संवर्धन पातळ असेल, समजा मिलीला फक्त २ लाख, तर त्याच टाकीला १०० लिटर ओतावं लागेल. एवढ्या पाण्याबरोबर उरलेली खतं, पेशींची टाकाऊ द्रव्यं आणि जिवाणूही टाकीत जातात. टाकीच्या पाण्याच्या २-३ टक्क्यांपेक्षा जास्त शैवाल ओतायची वेळ आली तर शैवालाच्या खोलीतलं काम आधी सुधारा.

आता मिश्रणाचा हिशेब. सगळ्या पेशी सारख्या वजनाच्या नसतात. कीटोसेरॉस कॅल्सिट्रान्सची पेशी आयसोक्रायसिसच्या निम्म्याहूनही हलकी, तर टेट्रासेल्मिसची पाच ते दहा पट जड. म्हणून ‘निम्मं निम्मं’ हे पेशींच्या संख्येत न करता वजनात करायचं. वरच्या उदाहरणात निम्मं खाद्य आयसोक्रायसिसचं म्हणजे १,००० कोटी पेशी, २० लाखांच्या घनतेने ५ लिटर. उरलेल्या १,००० कोटींच्या जागी कॅल्सिट्रान्सच्या अडीचपट, म्हणजे २,५०० कोटी पेशी. कॅल्सिट्रान्स मिलीला ५० लाख असेल तर तेही ५ लिटर. हा अडीचचा गुणक विसरला तर अळ्या अर्धपोटी राहतात आणि दोष कीटोसेरॉसला जातो. टेट्रासेल्मिसच्या बाबतीत उलटं होतं, तिथे गुणक विसरला की अति खाद्य पडतं आणि टाकी कुजते.

टाकीवरचा रोजचा क्रम

दिवसाआड टाकी पूर्ण रिकामी करा. अळ्या जाळीवर धरा: डी-अळ्यांना ४० ते ४५ मायक्रॉनची जाळी, पुढे वाढत्या मापाची. टाकी घासून, गोड्या पाण्याने धुऊन, गाळलेलं ताजं पाणी भरा. अळ्या मोजून परत सोडा आणि मग खाद्य द्या.

दिवसाचं खाद्य दोन भागांत दिलेलं बरं, सकाळी आणि संध्याकाळी. संध्याकाळचा भाग घालण्याआधी टाकीतलं थोडं पाणी काढून उरलेल्या पेशी मोजा. निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर संध्याकाळचा भाग कमी करा किंवा टाळा. अगदीच स्वच्छ पाणी आणि अळ्यांची पोटं फिकी असतील तर पुढच्या दिवशी एक चतुर्थांश वाढवा. वरचा तक्ता सुरुवातीसाठी आहे, चौथ्या दिवसानंतर तुमच्या टाकीचा स्वतःचा तक्ता तयार झाला पाहिजे.

कमी खाद्यापेक्षा जास्त खाद्याची भीती मला अधिक वाटते. आपल्या २८-३० अंशांच्या पाण्यात उरलेलं शैवाल एका रात्रीत व्हिब्रिओला पोसतं. शंका आली तर थोडं कमी द्या. उपाशी अळी एखादा दिवस धीर धरते.

भिंगाखाली अळी वाचणं

रोज सकाळी २०-३० अळ्या काचेवर घ्या. आयसोक्रायसिस आणि कीटोसेरॉस खाल्लेल्या अळीच्या पोटाची ग्रंथी सोनेरी तपकिरी दिसते आणि आतली अन्नाची गोळी गोल गोल फिरत असते. पोट फिकं आणि पारदर्शक असेल तर अळीने खाल्लेलं नाही. पाण्यात शैवाल असून पोट फिकं असेल तर खाद्य वाढवू नका. जात, पेशीचं माप, किंवा पाणी यांत बिघाड आहे.

कवचाच्या आत तेलाचे बारीक थेंब दिसतात का ते पाहा, विशेषतः दहाव्या दिवसानंतर. पोट भरलेलं पण थेंब नाहीत, ही अवस्था डीएचए-ईपीए नसलेल्या किंवा न पचलेल्या खाद्याची खूण असू शकते. प्रयोगशाळा जवळ असेल तर नाइल रेड किंवा ऑइल रेड-ओ या रंगांनी चरबी आणखी स्पष्ट दिसते.

कवचाची लांबी मोजायला नेत्रकाचेत मोजपट्टी बसवा. चांगल्या खाद्यावर तिसऱ्या दिवसाला सुमारे १००, सातव्याला १५०, बाराव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान २६०-२७० मायक्रॉन, आणि १३ ते १७ दिवसांत २८०-२९० मायक्रॉनवर डोळ्याचा काळा ठिपका. सरासरीइतकंच लक्ष मापांच्या फरकाकडे द्या. सगळ्या अळ्या १४० ते १६० दरम्यान असतील तर खाद्य बरोबर आहे. काही ११० वर आणि काही १८० वर असतील तर बलदंड अळ्या खाऊन जातात आणि बाकीच्यांना मिळत नाही, किंवा एकच मोठ्या पेशीची जात दिली जाते आहे. जाळीने मापं वेगळी करा आणि लहानांची टाकी वेगळी ठेवा.

अळ्या तळाशी गोळा होऊन व्हेलम फाटलेला किंवा सुटलेला दिसला तर तो खाद्याचा प्रश्न राहिलेला नाही. ती खेप क्लोरीन टाकून संपवा, सगळी भांडी वाळवा.

आपल्या पाण्यात कोणतं खाद्य चांगलं, हे तपासायचं असेल तर

एकाच दिवशीच्या, एकाच पालकांच्या डी-अळ्या घ्या. ५ लिटरच्या पांढऱ्या बादल्या, मिलीला ५ अळ्या. चार गट पुरेत: खाद्य न दिलेला, एकटं टी-आयसो, एकटं कीटोसेरॉस, आणि दोन्ही मिळून. प्रत्येक गटाच्या तीन बादल्या, आणि बादल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाही तर खिडकीजवळचा गट ‘जिंकतो’. खाद्य वजनात समान द्या, म्हणजे अडीचचा गुणक इथेही लावायचा. शैवाल दर वेळी एकाच वयाचं वापरा.

दिवसाआड प्रत्येक बादलीतल्या ३० अळ्यांची लांबी आणि जिवंत अळ्यांची संख्या लिहा. खाद्य न दिलेला गट फाजील वाटतो, पण तोच सांगतो की बाकीच्यांची सुरुवातीची वाढ किती खाद्याची आणि किती अंड्यातल्या चरबीची. पाण्यात आधीच बारीक खाद्य शिरत असेल तर तेही याच बादलीत उघडं पडतं. आणि प्रयोग बीज बसेपर्यंत चालवा. दहाव्या दिवशी लांबीत सारखे दिसणारे दोन गट बसण्याच्या वेळी फार वेगळे निघू शकतात, कारण कवच वाढवायला आणि चरबी साठवायला लागणारी सामग्री एकच नसते.

डोळा आल्यावर

निम्म्या अळ्यांना डोळ्याचा ठिपका दिसला आणि पाय बाहेर काढून त्या तळ चाचपू लागल्या की वेगळ्या टाकीत धुतलेल्या कालवाच्या शिंपा किंवा चुन्याचा लेप दिलेली कौलं ठेवा. या शेवटच्या दोन-तीन दिवसांत शैवाल कमी पडू देऊ नका आणि उत्तम वयाचंच द्या. इथे जुनाट संवर्धन संपवण्याची काटकसर सगळ्यांत महाग पडते. बसल्यानंतर पहिले एक-दोन दिवस टाकीतलं शैवाल कमी खाल्लं जाईल, ते साहजिक आहे, तेवढ्यापुरतं खाद्य निम्म्यावर आणा. कल्ले सुरू झाले की भूक झपाट्याने वाढते. तेव्हापासून टेट्रासेल्मिस हळूहळू वाढवत नेता येतं, स्केलेटोनेमासारखा साखळ्यांचा डायटमही चालतो. बीज डोळ्याला नीट दिसण्याइतकं, २-३ मिलिमीटरचं झालं की खाडीतल्या गाळलेल्या पाण्यावर सोडून द्यावं, कारण त्यापुढे त्याची भूक भागवेल एवढं शैवाल खोलीत वाढवणं कुठल्याही लहान हॅचरीला परवडत नाही.